सीतेनं निवडलेला ज्वालामुखी

बालाघाटच्या हिंदी शाळेत भूगोलाच्या बहनजींनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, भूकंप आणि ज्वालामुखी. "प्रदर्शनी के लिए दो-दो लड़कियाँ मिलकर एक चुनो," त्या म्हणाल्या, "और सोमवार तक नाम बता दो." नववीच्या वर्गात एकच गलका झाला. अंजना मात्र शांत होती. तिचं कधीच ठरलं होतं.

अडुसष्ट सालचा पावसाळा होता. कोयनेचा भूकंप आदल्या हिवाळ्यातला. त्याची छायाचित्रं पेपरात अंजनानं पाहिली होती. आणि त्याच मुलखातली एक मुलगी शाळा उघडल्यापासून तिच्याच बाकावर बसत होती. सीता तिचं नाव. पाटणकडची. तिचे मामा बालाघाटला वनखात्यात नोकरीला होते. घर पडलं, म्हणून आईनं तिला इकडं धाडलेली. हिंदी तिला धड येत नव्हती, त्यामुळे ती फक्त घरी मराठी बोलणाऱ्या अंजनाशीच बोलायची, तेही कामापुरतं. जे पेपरात नाही ते आपल्या बाकावरच बसलं आहे, असं अंजनाच्या मनात आलं. पहिला नंबर कुठं जातो आता!

"आपण दोघी मिळून करू," सुट्टीत ती म्हणाली. "कोयनेचा भूकंप घेऊ. तू सांगजो, मी लिहितो."

सीता डब्याचं झाकण लावत होती. ते लावून झाल्यावर म्हणाली, "करू की. पण ज्वालामुखी."

"काहून? ज्वालामुखी तं सगळ्याच घेऊन राह्यल्या."

"घेऊ देत."

अंजना मनातून चिडली, पण तिनं आशा सोडली नाही. घरी बोलावू, माय काही खायला करेल, मग बोलेल आपोआप. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ती सीतेला भरवेलीला घेऊन गेली. तिचे वडील खेमराज तिथल्या मँगनीजच्या खाणीत सुरुंग लावायच्या कामावर होते आणि घर खाणीच्या चाळीत होतं.

अंजनाची आई, दुर्गाबाई, चुलीवर भजी तळत होती. बाजेवर अंजनाचा तान्हा भाऊ झोपला होता. पोरी वही काढून बसल्या. लांबून भोंगा वाजला. चाळीतल्या कुणी मान वर केली नाही. थोड्या वेळानं जमिनीखाली दणका झाला, फळीवरच्या पितळी थाळ्या थरथरल्या. अंजनानं नेहमीसारखी शाईची दौत हातानं धरली.

वर पाहते तो सीता जागेवर नव्हती. बाजेवर बाळही नव्हतं.

दोघी मायलेकी धावत बाहेर आल्या. सीता अंगणाच्या पार टोकाला, चिखलात अनवाणी उभी होती. बाळ तिनं छातीशी इतकं आवळलं होतं की ते जीव खाऊन रडत होतं. सीता एका हातानं त्याचं डोकं, पाठ, पाय चाचपत होती. पुन्हा पुन्हा, जणू काही खात्रीच पटत नव्हती.

"अवं पोरी, काय करून राह्यली!" दुर्गाबाई ओरडली. मग तिला सीतेचा चेहरा दिसला आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "राहू दे. घे त्याले. तुह्यापाशीच राहू दे थोडा वेळ."

घटकाभरानं पाळी संपवून खेमराज आले. काय झालं ते बायकोकडून ऐकून ते सीतेसमोर उकिडवे बसले.

"बाई, तो हादरा माहा व्हता," ते म्हणाले. "मीच लावतो सुरुंग. आंधी भोंगा व्हते, मंग दणका. भोंग्याबिगर कधीच नाई. आता आयकला भोंगा का समजाचं, अंजनाचा बाप काम करून राह्यला."

सीतेनं मान डोलावली. बाळ मात्र दिलं नाही. दुर्गाबाईनं तिचे पाय तसेच अंगणात धुतले.

त्या दिवशी अंजनानं वहीत काही लिहिलं नाही. भूकंपाचं नावही काढलं नाही. पुढचा आठवडाभर दोघींनी वैनगंगेच्या काठची माती आणून डोंगर रचला, मध्ये पोकळी ठेवली, आतून कुंकू कालवलेली गेरूची धार सोडली. डोंगर एका बाजूला कलला. सीता त्याला पाहून हसली. तिला हसताना अंजना पहिल्यांदाच बघत होती.

वर्गात मांडणीच्या दिवशी बहनजी त्यांच्यापाशी थांबल्या. "सीता, तुम तो कोयना की हो. भूकंप क्यों नहीं लिया?"

सगळ्या मुली वळून बघू लागल्या. सीतेनं खाली पाहिलं.

"बहनजी, मैंने ज़िद की," अंजना म्हणाली. "मुझे पहाड़ बनाना था."

नंबर आला नाही. कोयनेवर वर्गातल्या मैनाच्या जोडीनं पेपरातली चित्रं चिकटवली होती, तिला तो मिळाला. घरी जाताना सीता आपण होऊन बोलू लागली.

"बाळू, माझा धाकटा भाऊ, माझ्याजवळ झोपला होता. पहाटेची वेळ. आई ओरडली, बाळूला उचल. मी उचलला अन् पळाले. बाहेर आल्यावर बघते तर नुसती गोधडी. तो आतच राहिला होता."

अंजना चालता चालता थांबली.

"उजाडल्यावर काढला त्याला. जित्ता होता. पण पाय चेचला. आई त्याला घेऊन अजून कऱ्हाडला असते, दवाखान्यापायी."

"अंधारात तुले कसं दिसन बाप्पा?"

"आई बी तेच म्हणती. बाळूला काय वाटतं ते कुणाला ठाऊक."

अंजनानं सीतेचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघी मामांच्या घरापर्यंत चालत गेल्या.

दिवाळीत बाळू आला. गोंदियाहून येणाऱ्या गाडीला सीतेनं अंजनालाही सोबत नेलं. आईचा हात धरून, एक पाय ओढत, पाच-सहा वर्षांचा मुलगा फलाटावर उतरला. सीता जागची हलेना. बाळू लंगडत तिच्यापुढं आला, वळून छोट्या रुळांवरच्या त्या छोट्या डब्यांकडं पाहिलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुझ्या गावची गाडी लई बारकी हाय."