कपाटामागचा तराजू

मला राग आला की आधी कान तापतात आणि मग तोंड सुटतं. आई म्हणायची, शकू, एक दिवस या तोंडापायी उपाशी मरशील. मेले नाही. पण त्या कमिटीच्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो कुणाकुणावर आहे ते आज सांगूनच टाकते.

अठ्ठावन्न साल. मी शकुंतला धुरी, लालबागच्या चाळीतली, बाबा गिरणीत. परळच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि तिथंच एम.एस्सी.चा प्रबंध करत होते. अडीच वर्षं माझं एकच काम चाललं होतं. क्षार वाळवायचा, तोलायचा, भाजायचा, पुन्हा तोलायचा, आणि वजन चौथ्या दशांशापर्यंत लिहायचं. अशी चारशेवर वजनं झाली होती. आणि आता विद्यापीठाची कमिटी येणार होती, आमचं खातं एम.एस्सी.च्या लायकीचं आहे की नाही ते बघायला. कमिटी नाही म्हणाली की माझा प्रबंध रद्दीत. दुसऱ्या कॉलेजात पहिल्यापासून सुरू करायला मला सवड नव्हती. बाबांनी कुडाळचं एक स्थळ आणून ठेवलंच होतं, आणि ‘यंदा नाही झालं तर बस झालं शिक्षण’ असं चाळीभर सांगूनही ठेवलं होतं.

खात्याचे प्रमुख होते प्रोफेसर कमलाकांत विजयकर. गिरगावातलं जुनं घराणं, पांढरा सूट, आणि त्या सुटावर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला. नरे पार्कात सभा असली की सर स्टेजवर. ‘ही मुंबई कामगाराच्या घामानं उभी राहिली!’ असं म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा. मी स्वतः टाळ्या वाजवल्यात. हात तोडून टाकावेसे वाटतात आता.

आणि होते गुणाजीकाका. गुणाजी राऊळ, आमच्या लॅबचे हमाल. हुद्दा हमालाचा, पण बॅलन्सरूम त्यांची. बॅलन्सरूम म्हणजे कोपऱ्यातली एक अरुंद खोली. भिंतीत बसवलेली दगडी फळी आणि त्या फळीवर काचेच्या पेटीतला जुना तराजू. पेटीचं लाकूड काळं पडलेलं, एक काच गुणाजीकाकांनी स्वतः कापून बसवलेली. पण रोज सकाळी पावणेआठला काका त्या खोलीत जायचे, दार लावायचे आणि एक पितळी चकती तोलायचे. काका आधी गिरणीत होते, तिथं जुन्या यंत्राची मिळालेली चकती होती ती, नखाएवढी जाड. रोज तीच. चिमट्यानं उचलायची, पारड्यात ठेवायची, आकडा वहीत लिहायचा, पुढं तारीख. अठरा पॉइंट चार तीन सहा दोन ग्रॅम. चौदा वर्षं झाली, शेवटचा आकडा कधी एकनं इकडे नाहीतर एकनं तिकडे. त्याहून जास्त सरकला तर काका कुणालाही तराजूला हात लावू द्यायचे नाहीत, विजयकर सरांनासुद्धा. मग पारडी पुसायची, पायाचे स्क्रू फिरवायचे, पुन्हा चकती. मराठी दुसरी शिकलेला माणूस! आणि माझी सगळी वजनं त्याच तराजूवरची होती.

कमिटीच्या आदल्या आठवड्यात सर आले आणि खोलीच्या दारात नाक मुरडून उभे राहिले.

“शकुंतलाबाई, हे भंगार कमिटीला दाखवायचं? आपली लाज जाईल.”

“सर, भंगार नाही ते. चौथा आकडा बिनचूक देतो.”

“कमिटी आकडा नंतर बघते. आधी पेटी बघते.”

आमच्या खात्याची ही रीतच होती. तपासणी आली की उसनवारी. मागच्या वेळी पुस्तकांची कपाटं उसनी आणली होती. या वेळी ठाकुरद्वारला सरांचे चुलतभाऊ हेरंब विजयकर यांचा औषधांचा कारखाना होता, तिथला चकचकीत जर्मन तराजू आणायचा ठरला. गुणाजीकाका हात जोडून म्हणाले, “सायबानू, तराजू हलवचो झालो तर दांडी काढूक व्हयी, पारडी काढूक व्हयी. आणि आणल्यावर दोन दिवस थंड बसाक देवक व्हयो.” सर म्हणाले, “तू मला केमिस्ट्री शिकवू नकोस.”

तो तराजू आला आदल्या दिवशी संध्याकाळी, हातगाडीवरून, अख्खाच्या अख्खा. भायखळ्यापर्यंत ट्रामच्या रुळांवरून खडखडत, मग लालबागला समितीचा मोर्चा लागला म्हणून गाडी गल्लीबोळांतून फिरवलेली. गाडीवाला सांगत होता, एकदा चाक गटारात गेलं, पण पडला नाही हां बाई, मी धरला. काकांनी नुसतं कपाळाला हात लावला. मधल्या मोठ्या टेबलावर तो मांडला, वर मलमलीचं कापड घातलं, आणि सर त्याच्याकडे लग्नातल्या नवऱ्यासारखं बघत राहिले.

कमिटी अकराला यायची होती. नऊलाच प्यून धावत आला, गाडी फाटकात आलीय. सरांचा चेहरा पडला. मग ओरडले, “ते कपाट सरकवा! बॅलन्सरूमच्या दारासमोर! चला, चला!”

मी म्हटलं, “सर, गुणाजीकाका आत आहेत. चकती तोलून पारडी पुसतायत.”

सर म्हणाले, “असू दे. बरंच झालं. खाकी अर्ध्या चड्डीत कमिटीपुढं फिरायला नको. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

कपाट सरकलं. दोघा हमालांनी सरकवलं आणि मी बघत उभी राहिले. तोंडाळ शकू, चाळीतल्या नळावर चार बायकांना पुरून उरणारी शकू, एक शब्द बोलले नाही. डोक्यात एकच, माझा प्रबंध. आतून आवाज आला नाही. त्या खोलीला खिडकी उरली नव्हती, वाऱ्यानं तराजू हलतो म्हणून काकांनीच ती बुजवून घेतली होती.

तास कसला, तीन तास गेले. कमिटी तिघांची. दोघे चहा-बिस्किटांवर खूश होते. तिसरे, अध्यक्ष, पुण्याचे डॉक्टर घारपुरे. काळी टोपी, हातात छत्री, बिस्किटाला हात नाही. त्यांनी गॅसचे नळ उघडून बघितले, बाटल्यांची बुचं हुंगली. बारा वाजता ते जर्मन तराजूसमोर आले. खिशातून आपल्या घराची किल्ली काढली आणि मला म्हणाले, “बाई, ही तोला.”

मी तोलली. नऊ पॉइंट दोन एक चार सात.

“पुन्हा.”

नऊ पॉइंट दोन एक सात एक.

“पुन्हा.”

नऊ पॉइंट दोन एक तीन नऊ.

“चौथा आकडा राहू द्या, इथं तिसराही जागेवर नाही,” घारपुरे म्हणाले. “बाई, तुमच्या प्रबंधातली चारशे वजनं याच तराजूवरची?”

मी सरांकडे बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की हा उसना आणलाय, आमचा वेगळा आहे. एवढंच. लाज त्यांची गेली असती, प्रबंध माझा राहिला असता.

“हो, हो,” विजयकर सर म्हणाले. “याच तराजूवरची.”

“मग ती फेकून द्यावी लागतील,” घारपुरे म्हणाले आणि टिपण लिहायला लागले.

सर बिल्ल्यावरून बोट फिरवत राहिले! अडीच वर्षं माझी, आणि या माणसानं ती हेरंबच्या तराजूखाली घातली, का तर आपल्या सुटाला डाग नको. माझे कान असे तापले की समोरचं दिसेना.

“खोटं आहे हे!” मी ओरडले. “साफ खोटं! हा तराजू काल हातगाडीवरून आलाय. माझा तराजू त्या कपाटामागं आहे, आणि त्याच्याबरोबर एक जिवंत माणूसही आहे, सकाळपासून कोंडलेला!”

“शकुंतलाबाई!” सर म्हणाले.

“काय शकुंतलाबाई? सरकवा ते कपाट! नाहीतर मी सरकवते!”

मी खांदा लावला. मग हमालही धावले. दार उघडलं. गुणाजीकाका स्टुलावर बसले होते, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, मांडीवर वही. बाहेरच्या लख्ख उजेडानं डोळे बारीक केले. पाणी मागतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “दार हळू लावा, सायबानू. वारो लागता.”

मी म्हटलं, “काका, हाक का नाही मारली?”

“तुझ्या परबंधाचा काम आसा मां. म्हणान गप रवलंय.”

घारपुरे आत गेले. किल्ली दिली. काकांनी तीनदा तोलली. नऊ पॉइंट दोन एक दोन सहा, तिन्ही वेळा. मग घारपुऱ्यांनी ती वही घेतली आणि उभ्या उभ्या पानंच्या पानं चाळली. चौदा वर्षांचे आकडे. मोर्चे, संप, गोळीबार, छप्पन्न सालच्या जानेवारीत सगळी मुंबई बंद होती तेव्हाचेसुद्धा. काका भोईवाड्यातून चालत आले होते तेव्हा.

“हे कुणी सांगितलं होतं करायला?” घारपुऱ्यांनी विचारलं.

“कोणी नाय,” काका म्हणाले. “खरा आसा काय नाय ता रोज बगूक नको?”

त्या दिवशी मी काकांना माठातलं पाणी आणून दिलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “काका, तुमचं नाव माझ्या प्रबंधात छापून येईल. माझी शपथ.” काका लाजले. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते अख्ख्या भोईवाड्यात सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. इंग्रजीत, जाड कागदावर. खात्याला मान्यता. तराजूची निगा आणि नोंदी ‘अनुकरणीय’. त्याबद्दल खातेप्रमुखांचं अभिनंदन! खातेप्रमुखांचं! आणि खाली एक सूचना: इतकं नाजूक उपकरण अशिक्षित नोकराच्या हाती असू नये, मॅट्रिक झालेला माणूस नेमावा. घारपुऱ्यांनीच लिहिलेली. ज्यांनी ती वही उभ्यानं वाचली त्यांनीच. सरांनी अहवाल स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला आणि पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी काकांकडून बॅलन्सरूमची किल्ली काढून घेतली आणि त्यांना बाटल्या धुवायला लावलं. मी सरांशी भांडले, प्रिन्सिपॉलांशी भांडले. ‘कमिटीचं लिखाण, आमच्या हातात काय?’ दोघांचंही एकच उत्तर. मॅट्रिक झालेला माणूस आला. तो साडेदहाला यायचा. चकती कुणी तोलेना.

आता शेवटचं सांगते, ते सांगायला जीभ वळत नाही.

प्रबंध टाइप झाला. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, की या कामातलं प्रत्येक वजन श्री. गुणाजी राऊळ यांच्या चौदा वर्षांच्या रोजच्या तपासणीवर उभं आहे. सरांनी वाचलं, पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, “मी यावर सही करणार नाही. ज्यानं तराजूला हात लावू नये असं कमिटी म्हणते, त्याच्याच भरवशावर तुमची वजनं? परीक्षक प्रबंध परत पाठवतील. हे पान काढा, आत्ता सही करतो. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

पुढचं वर्ष मला नव्हतं. कुडाळचे लोक दिवाळीनंतर येणार होते.

मी भांडायला हवं होतं. कपाटाला खांदा लावला होता तसा लावायला हवा होता. पण कपाटाच्या वेळी भांडून माझा प्रबंध वाचणार होता, आणि या वेळी भांडून तो बुडणार होता. मी ते पान काढलं. माझ्या हातानं काढलं, टाइपिस्टकडून दुसरं करून घेतलं. सरांनी झोकदार सही केली आणि पाठीवर थाप मारली. मी ‘थँक्यू सर’ म्हटलं.

डिग्री मिळाली. माझी प्रत बांधून आली तशी काकांनी निरोप धाडला, पुस्तक घेऊन ये. भोईवाड्यात त्यांच्या खोलीत शेजारपाजार जमलेला. त्यांच्या बायकोनं, मीराबाईंनी, पाट मांडून त्यावर प्रबंध ठेवायला लावला. काकांनी हात धुऊन, पुसून पहिलं पान उघडलं. बाटल्या धुऊन धुऊन त्यांच्या बोटांची सालं गेली होती.

“माझा नाव खंय आसा गो, शकू?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पानं उलटली आणि एका इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. ‘तराजू रोज सकाळी तपासण्यात येत असे.’ एवढंच होतं तिथं. कुणी तपासला, ते नव्हतं.

“हे बघा, काका. इथं.”

“इतक्या बारीक?”

“इंग्रजीत असंच छापतात.”

काका वाकून बघत राहिले. मग शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी ती ओळ दाखवली, एकेकाला. मीराबाईंनी त्या ओळीवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि माझ्या हातात रव्याचा लाडू ठेवला, घे गो पोरी, तुझ्यामुळं नाव झालं माणसाचं. सगळ्यांसमोर तो लाडू मी खाल्ला.