खांब कोणी केला

माझे वडील, आप्पा, होळीनंतर विसरायला लागले. आधी लहानसहान गोष्टी. शेजाऱ्यांच्या चपला घालून बाजारात जाऊन आले. माझ्या नवऱ्याला, विशालला, दोनदा नवनाथ म्हणाले. नवनाथ माझा धाकटा भाऊ, तो पुण्याला असतो. मग एके दिवशी वीस वर्षं सिल्वासात राहिलेला हा माणूस भर बाजारात रिक्षावाल्याला विचारत होता, गावाकडची, शिरपूरची गाडी कुठून सुटते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, घरात बसवून ठेवू नका. हिंडवा, बोलतं ठेवा.

म्हणून विशालने दुधनीच्या गुहेचं बुकिंग केलं. धरणाच्या पाण्याजवळ टेकडीच्या पोटात गुहा, ती बघायला गाईडसोबत फेरी, वर जेवणाचा हॉल आणि राहायला दहा-बारा खोल्या. मी शिकवते त्या शाळेतली निम्मी पोरं जाऊन आली होती, आम्हीच राहिलो होतो.

राखोलीपर्यंत आप्पा खिडकीतून कंपन्यांच्या पाट्या वाचत होते. त्यातल्याच एका सूत गिरणीत त्यांनी अठरा वर्षं काढली. त्याआधी गावाकडे ते गवंडीकाम करायचे, प्लास्टरमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असं आई सांगायची. दुधनीचा रस्ता लागल्यावर ते एकदम गप्प झाले.

“आप्पा, इकडे कधी आला होता का?” मी विचारलं.

“आलो असेल,” ते म्हणाले.

साडेदहाच्या फेरीला आम्ही पंधरा-वीस जण होतो. बरेचसे सुरतेकडचे. सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या. गाईड सोनी नावाची मुलगी होती, दुधनीचीच, तेवीस-चोवीस वर्षांची. ती गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत तेच तेच न कंटाळता सांगत होती.

पहिलं दालन काळ्या दगडाचं, बुटकं, वाकूनच जावं लागत होतं. दुसऱ्यात गेल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. छत उंच होतं आणि मधोमध जमिनीपासून छतापर्यंत एक जाड खांब उभा होता. वितळून परत गोठल्यासारखा. त्यावर खालून हिरवा-निळा उजेड सोडला होता.

“हा खांब निसर्गाने तयार केलेला आहे,” सोनी म्हणाली. “तीन लाख वर्षं लागली.”

आप्पा दोरी ओलांडून पुढे गेले आणि त्यांनी खांबावर हात ठेवला. सबंध तळवा फिरवला, वरून खाली.

“हा मी करेल आहे,” ते म्हणाले.

आमच्या खान्देशात ‘करेल’ म्हणजे केलेला. सोनीला ते कसं कळणार? तिला वाटलं, म्हातारा म्हणतोय मी असा करीन.

“काका, तुम्ही कसा करणार? तीन लाख वर्षं थांबावं लागेल,” ती हसत म्हणाली. लोकही हसले.

आप्पा हसले नाहीत. “आधी सळ्या उभ्या केल्या,” ते सांगायला लागले. “त्यावर जाळी. मग सिमेंटचा माल मारला. माल ओला असताना गोणपाटाने दाबायचा, तेव्हा हा असा खडबडीतपणा येतो. बघ, इथे हात लाव.”

मी त्यांचा दंड धरून त्यांना दोरीच्या अलीकडे आणलं. सुरतेच्या एक बाई मला समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मारा ससरा पण आवा ज छे.” म्हणजे त्यांचे सासरेही असेच होते. मी मान हलवली. त्या क्षणी मला वडिलांपेक्षा त्या बाईच जवळच्या वाटल्या, याची लाज मला नंतर वाटली.

तिसरं दालन सगळ्यात आत होतं. तिथे भिंतीवरून दगडाचा एक पडदा खाली आला होता. खरोखरचं कापड दोरीवर वाळत घालावं तशा त्याला चुण्या होत्या, आणि खालची कड इतकी पातळ की मागे लावलेल्या दिव्याचा लालसर उजेड तिच्या काठाने झिरपत होता.

आप्पा त्याच्यासमोर थांबले. त्यांनी पिवळी टोपी काढली आणि हात जोडले.

“हे मात्र देवाचं,” ते हळूच म्हणाले. “माणसाच्या हाताने हे होत नाही.”

हॉलमध्ये जेवायला बसलो तेव्हा मी त्यांना विचारत राहिले. मी मास्तरीण, प्रश्न विचारणं माझ्या हाडात आहे. खांब कधी केला? कोणासोबत? गिरणीत असताना रजा कशी मिळाली? आप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तर वेगळं येत होतं. आधी म्हणाले, गिरणी चार महिने बंद होती तेव्हा. मग म्हणाले, तेव्हा गिरणीत लागलोच नव्हतो. मग सापुताऱ्याला एका हॉटेलात केला होता. मग शिरपूरला गणपतीच्या मंडळासाठी.

“मग ते दुसरीकडचं असेल, आप्पा. इथलं नाही,” मी म्हणाले.

“हो. दुसरीकडचंच असेल,” ते लगेच म्हणाले.

त्यांनी जरा भांडायला हवं होतं. इतक्या पटकन त्यांनी हार मानली. गिरणी एकदा चार महिने बंद होती हे खरं होतं. बारा वर्षं झाली. तेव्हा मी धुळ्याला डी.एड. करत होते, आणि आप्पा त्या दिवसांत काय करत होते हे मी कधी विचारलंच नव्हतं. आई असती तर एका वाक्यात सांगून मोकळी झाली असती.

खोलीत आप्पा पंख्याखाली झोपले. विशाल त्यांच्यापाशी थांबला आणि मी खाली काउंटरवर गेले. तिथे प्राजक्ता नावाची व्यवस्थापक होती, बोलण्यावरून कोकणातली वाटली.

“गुहा नैसर्गिक आहे का?” मी सरळ विचारलं.

“नैसर्गिकच आहे, मॅडम.”

“सगळी?”

ती रजिस्टर उघडत म्हणाली, “पर्यटकांच्या सुरक्षिततेसाठी काही भाग मजबूत केलाय.”

“कुठला भाग?”

“ते मला नाही सांगता येणार. मी इथे दोन वर्षांपूर्वी आले.” मग ती नजर न उचलता म्हणाली, “कुणाची तक्रार आहे का?”

तक्रार कसली होती तेच मला सांगता येईना. वडील चुकले असतील तर आजार वाढला होता. ते खरं बोलत असतील तर मी त्यांना चारचौघांत ओढून खोटं पाडलं होतं. दोन्हींपैकी काय असावं अशी माझी इच्छा होती, तेही मला ठरवता येत नव्हतं.

मी वर आले तर विशाल खुर्चीत झोपला होता आणि आप्पांची खाट रिकामी होती.

आम्ही आधी पाण्याच्या बाजूला धावलो. तिथे होड्या लावलेल्या होत्या आणि दोन माणसं जाळं उलगडत बसली होती. त्यांनी कोणी म्हातारा पाहिला नव्हता. विशाल गाडीकडे गेला, मी हॉलकडे. तेवढ्यात सोनी गुहेच्या तोंडाशी उभी राहून हात करताना दिसली.

“ताई, काका माझ्याकडे आहेत. घाबरू नका. चारच्या फेरीत घुसले, तिकीट दाखवलं सकाळचंच. मी येऊ दिलं.”

आप्पा दुसऱ्या दालनात दगडाच्या ओट्यावर बसले होते. खांबाकडे बघत.

“काय झालं, आप्पा? न सांगता आलात.”

“बघत होतो,” ते म्हणाले. “माझा आहे का नाही ते कळेना, पोरी. हाताला ओळखीचा लागतो. डोक्याला नाही.”

सोनी ऐकत होती. तिला आता आमच्या बोलीचा अर्थ उमगला असावा, कारण ती हसली नाही. फेरीची माणसं बाहेर पाठवून ती माझ्याजवळ आली.

“मी पाच वर्षं आहे इथे. मला जे पाठ करायला दिलं ते मी बोलते,” ती म्हणाली. “पण किचनमध्ये मंजुळामावशी आहे. ती गुहेचं काम चालू होतं तेव्हापासूनची आहे. बोलावू?”

मंजुळाबाई ओले हात पदराला पुसत आल्या. साठीच्या, साक्रीकडच्या. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी त्यांच्याकडे. दोघांनाही काही ओळख पटल्यासारखं दिसेना.

“यांचं नाव सुकदेव,” मी म्हणाले. “शिरपूरचे. प्लास्टर करायचे.”

“सुकदेव मिस्त्री?” त्या पुढे आल्या आणि आप्पांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांनी निरखून पाहिलं. “तेव्हा मिशा होत्या. मी घमेलं वाहायची. माल घट्ट झाला की माझ्यावर ओरडायचे.”

आप्पा ओशाळून म्हणाले, “ओरडलो असेल, बाई. माफ करा.”

“मग हा खांब यांनीच केला ना?” मी घाईने विचारलं. मला एकदाचं काहीतरी ठाम हवं होतं.

मंजुळाबाईंनी नकारार्थी मान हलवली. “खांब कशाला कोण करतंय? तो आधीपासून होता. तेव्हा गावातले लोक त्याला नारळ फोडायचे.”

म्हणजे आजारच. मी विशालकडे पाहिलं, त्याने नजर वळवली.

“यांनी आतला पडदा केला,” मंजुळाबाई म्हणाल्या.

आप्पा म्हणाले, “तो पडदा? नाही, बाई. तो देवाचा आहे.”

“देवाचा कसला? अकरा दिवस लागले. दोनदा तोडला तुम्ही. कंत्राटदार शिव्या देत होता.”

“तुम्हाला दुसरा कोणी आठवत असेल.”

“असेलही,” मंजुळाबाई जराही न चिडता म्हणाल्या. “माझंही वय झालं. पण मागून बघा ना.”

सोनीने किल्ल्यांचा जुडगा काढला. तिसऱ्या दालनाच्या कडेला एक काळा रंगवलेला लोखंडी दरवाजा होता, सकाळी मला तो दिसलाच नव्हता. आत दिव्यांच्या वायरी होत्या आणि एका माणसापुरती जागा. आप्पांना पुढे घालून मी मागून गेले. सोनीने मोबाइलचा उजेड धरला.

पडद्याची मागची बाजू करड्या सिमेंटची होती. कुठे कुठे कोंबडीजाळी वर आली होती, गंजलेली. चुण्यांच्या मागे बोटं ओढल्याचे पट्टे होते, लांबच लांब, शेजारी शेजारी.

आप्पांनी चष्मा वर सारून ते नीट पाहिलं. घाबरल्यासारखे वाटले नाहीत. गिरणीतून आल्यावर शेजारच्या घराचं चालू बांधकाम बघायला थांबायचे, तसं बघत होते.

“मिस्त्री चांगला होता,” ते म्हणाले. “माल बारीक चाळेल आहे. पण इथे जाळी झाकायला पाहिजे होती. घाई केली.”

“आप्पा, तुम्हीच तो मिस्त्री.”

ते माझ्याकडे वळले. “मग खांब कोणी केला?”

“खांब कोणीच केला नाही. तो होताच.”

“मग मला त्याचंच काम का आठवतं?”

बाहेर उभ्या असलेल्या मंजुळाबाईंनी ते ऐकलं होतं. आम्ही दरवाजातून बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही रोज आधी खांबापाशी बसायचे, मिस्त्री. त्याला हात लावून बघायचे. डोळे मिटून. मग आत जाऊन माल मारायचे. परत बाहेर येऊन खांबाला हात. आम्ही बाया हसायचो, म्हणायचो, याला दगडाने झपाटलं.”

आप्पा खाली बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. सगळं जागेवर बसलं की आणखी हललं, मला समजलं नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनीही माझा धरला, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

वर येताना सोनी माझ्यासोबत मागे राहिली. “ताई, हे काउंटरवरच्या मॅडमला नका सांगू. दरवाजा उघडला म्हणून मला बोलतील.”

“नाही सांगणार.”

“आणि उद्या मी फेरीत काय बोलू?” तिने विचारलं. ती माझ्या शाळेतल्या पोरींसारखी माझ्याकडे बघत होती, बाईंना माहीत असेल अशा खात्रीने. मी म्हणाले, मलाही कळत नाही. तिला ते पटलं नसावं.

संध्याकाळी हॉलमध्ये गर्दी नव्हती. मंजुळाबाईंनी आम्हाला वाढलं आणि काम आटोपल्यावर त्या आप्पांच्या समोर येऊन बसल्या. दोघं त्या दिवसांबद्दल बोलायला लागले. आप्पा म्हणाले, कंत्राटदार बडोद्याचा होता. त्या म्हणाल्या, नाही, वापीचा. आप्पा म्हणाले, एक शेळी रोज आत येऊन बसायची. त्या म्हणाल्या, शेळी नव्हती, वासरू होतं, आणि त्याने तुमची टोपी खाल्ली होती.

“टोपी मी घालतच नव्हतो,” आप्पा म्हणाले.

“घालत होते. पांढरी.”

“भिका घालायचा. तो माझ्यासोबतचा.”

“भिका तर पाणी मारायला होता. त्याला कुठली टोपी?”

विशालने माझ्याकडे पाहून भुवया उचलल्या, यातलं खरं काय या अर्थाने. मी खांदे उडवले. माझ्या तोंडाशी दोन-तीन प्रश्न आले होते, ते मी तसेच ठेवले आणि आप्पांच्या ताटात आमटी वाढली.

“घट्ट आहे,” आप्पा आमटी ढवळत मंजुळाबाईंना म्हणाले, आणि त्या पाणी आणायला उठल्या.