राखीव कर्नेल आणि कमलम्मांचा मोर

मित्रांनो, मी एक जुना राखीव कर्नेल आहे. कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. स्मृतीतली जागा कोणाला द्यायची, कोणते काम आधी करायचे, हे तो ठरवतो. भवानी पेठेतील एका चादरींच्या कारखान्यातल्या संगणकात आम्ही दोघे कर्नेल आहोत. थोरला रोज राबतो. मी स्मृतीच्या राखून ठेवलेल्या कोपऱ्यात निजून असतो. थोरला कोसळला तरच मला जाग येते. त्या क्षणी स्मृतीत जे जसे होते, ते तसेच डिस्कवर उतरवायचे आणि संगणक पुन्हा सुरू करून आपण नाहीसे व्हायचे, एवढेच माझे काम; संगणक सुरू झाला की मला पुन्हा त्या कोपऱ्यात निजवले जाते. मग निजलेल्याला बाकीची हकिकत कशी कळली? शंका रास्त आहे. आत्मवृत्तापुरती ती बाजूला ठेवावी.

मला येथे बसवले ते संगणकाची देखभाल करणाऱ्या काव्याने. काही न करता जागा अडवणारा म्हणून मालक चन्नप्पांना मी पहिल्यापासून खटकत होतो.

पुढे संगणक अधूनमधून बंद पडू लागला, आणि नेमका कमलम्मांची मोराची नक्षी मागांकडे पाठवताना. कमलम्मांचा जन्म मागांसाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेला होता. संगणकावर नक्षी काढायला त्या उतारवयात शिकल्या. "तुमचा मोर लई जड झाला बघा," असे चन्नप्पा आधी हसत म्हणत. नंतर हसणे थांबले. मोर रद्द करून कमलम्मांना पुन्हा कांड्यांवर बसवायचे ठरत आले.

दोन गोष्टी एकत्र घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, असे काव्या सांगत राही. पुरावा मी दिला असता. पण माग थांबले की चन्नप्पा धावत येऊन बटण दाबत, आणि माझे काम अर्ध्यातच पुसले जाई.

पुढच्या खेपेस काव्या बटणासमोर उभी राहिली.

"बंद करून चालू कर की. माग उभे हायेत."

"जरा थांबा, मालक. आत्ता बंद केलं तर कारण कधीच कळणार नाही."

त्यांनी तरीही हात पुढे केला. तेव्हा कमलम्मा बोलल्या, "माझा मोर गेला तर जाऊ द्या. पण कशानं गेला, ते तरी कळू द्या की."

चन्नप्पा खुर्चीवर बसले. मी स्मृतीची रिकामी पाने वगळली, भरलेली उतरवली आणि नाहीसा झालो.

दुपारी काव्याने ती नोंद तपासली. वाय-फाय चालवणारा प्रोग्राम मोठी फाइल जाताना आपली हद्द ओलांडून दुसऱ्याच्या जागेत लिहीत होता. मोर मोठा होता, म्हणून दोष उघडा पडला. दोष मोराचा नव्हता. तो प्रोग्राम मात्र काव्यानेच बसवलेला होता. गुपचूप काढून टाकता आला असता. ती मागांपाशी गेली आणि सर्वांसमोर म्हणाली, "मावशी, मोराचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

कमलम्मांनी तिला नीट न्याहाळले. "मग आता तुला बसवू का कांड्या भरायला?"

चन्नप्पाही हसले.

मित्रांनो, यंत्र बंद पडले की हात आधी बटणाकडे जातो आणि बोट कोणाकडे तरी. दोन्ही थोडा वेळ आवरा. आपण कसे कोसळलो, हे कोसळलेल्याला सांगता येत नाही. जे सांगू शकते, त्याला आपले काम पुरे करू द्या.

तो प्रोग्राम बदलल्यावर त्या संध्याकाळी मोर चादरीवर उतरला. तो चांगला दिसतो म्हणतात. मी निजलेलो होतो.