डोरबाकचा खुराक

समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान चालवणारे रूपराव एके काळचे पहिलवान होते, आणि तो काळ त्यांनी कधी संपूच दिला नव्हता. जवानीत गिरडच्या यात्रेतल्या दंगलीत कामठीच्या मोतीलाल पहिलवानाशी त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली होती. मोतीलाल त्या वर्षी भल्याभल्यांना आटोपत नव्हता. रूपराव मात्र सांगत की अजून दोन मिनिटं मिळती तर मोतीलालला अस्मान दाखवलं असतं, पण पंचांनी शिट्टी फुंकली. आणि शिट्टी वाजली की कुस्ती सुटली, हा गिरडचा कायदा. मग ती कोणी का फुंकेना.

फुंकणारे पंच होते गिरडचे पुंडलिकराव. त्याच उन्हाळ्यात त्यांनी आपली मुलगी विमला रूपरावांना दिली, आणि पुढे हातपाय थकल्यावर ती पितळी शिट्टीही दिली. तेव्हापासून गिरडच्या दंगलीचे पंच रूपराव. दंगल वर्षातून एकदा, पण शिट्टी बारा महिने गळ्यात. ढेप तोलताना ती तराजूच्या पारड्यात लोंबायची आणि गिऱ्हाईक बिचारं काही बोलायचं नाही.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. विमलाबाईंचा भाचा प्रफुल यानं दुकानामागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडून क्लास काढला. पोरं सकाळी येत. दुपारी प्रफुल जेवून आडवा होई आणि खोलीवर नजर ठेवायला विमलाबाई बसत. नुसतं बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आधी त्यांनी पडद्यावरची धूळ पुसली, मग माऊस हातात घेतला, आणि महिन्याभरात प्रफुलनं नागपूरहून आणलेल्या एका गेममध्ये त्या तलवार घेऊन देशोदेशी हिंडू लागल्या.

त्या गेममध्ये आपण एक फाटका प्रवासी असतो. गावोगाव फिरायचं, राक्षस मारायचे, लोकांची अडलेली कामं करायची आणि हळूहळू मोठं व्हायचं. वाटेत एक शहर लागे आणि त्या शहरात दगडी आखाडा होता. तिथं ओळीनं लढवय्ये उभे असत, एकाला पाडलं की पुढचा येई. त्यातला सगळ्यात पहिला आणि सगळ्यात लिंबूटिंबू म्हणजे डोरबाक. टक्कल, झुपकेदार मिशा, पुढं आलेलं पोट, लाल लंगोट, कमरेवर दोन्ही हात. लढाईआधी तो दर वेळी एकच वाक्य बोले. त्याचा अर्थ प्रफुलनं आत्याला सांगून ठेवला होता: आज मी जिंकणार. एवढं बोलून तो हरे.

एके दिवशी चारचा चहा आला नाही म्हणून रूपराव तणतणत मागं गेले. दारातच थबकले. पडद्यावर ते स्वतः उभे होते. तेच टक्कल, तीच मिशी, पोटही तेवढंच. आणि त्यांची सहधर्मचारिणी पदर खोचून त्यांना तलवारीनं हाणत होती. चेहऱ्यावर असं समाधान होतं की लग्नानंतर रूपरावांनी ते फार कमी वेळा पाहिलं होतं.

त्यांनी प्रफुलला झोपेतून उठवलं आणि माझा फोटो या डब्यात कोणी घातला म्हणून धारेवर धरलं. प्रफुलनं शपथा घेतल्या की सीडी जशी आणली तशीच आहे, हा माणूस परदेशात कोणीतरी बनवलाय. रूपरावांनी विचारलं, मग हा कधी जिंकतो?

"थो नाई जिंकत, मामाजी," प्रफुल जांभई आवरत म्हणाला. "त्याचं कामच हारायचं हाय."

हे वाक्य रूपरावांच्या छातीत जाऊन बसलं. रात्री भाकरी गोड लागेना. जगात असा पहिलवान असावा, ज्याला जन्माला घालतानाच हरायला सांगितलंय, आणि त्याला मिशी आपली असावी, याचा त्यांना खराखुरा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

वाईट वाटून घ्यायला गावानं त्यांना फार वेळ दिला नाही. शेजारच्या हॉटेलवाल्या भैय्याजीला बातमी लागली. भैय्याजीची जीभ त्याच्या कढईपेक्षा तापलेली. तो स्वतः मागच्या खोलीत येऊन डोरबाकला पाडून गेला आणि बाहेर येऊन ओरडला की रूपराव चित झाले. मग रांगच लागली. एसटीचा कंडक्टर गाडी सुटायच्या आधी येऊन पाडून जाई. पोस्टातले बाबू डबा खाऊन पाडून जात. ज्यांना उभ्या जन्मात लंगोट नीट बांधता आला नसता, ते रूपरावांच्या खांद्यावर हात ठेवून सांगू लागले, आज जरा लवकर पडले तुम्ही.

इथवर रूपरावांनी सोसलं. पण गिरडची दंगल पंधरा दिवसांवर आली आणि दंगल कमिटीचे अध्यक्ष अण्णाजी दुकानात येऊन बसले. अण्णाजी भला माणूस, वाईट बोलायचं तर आधी घसा खाकरून घेई. तसा त्यांनी तो बराच वेळ खाकरला. मग म्हणाले की पोरं हसून राहिलीत, आणि ज्या पंचाला बघून पहिलवान हसतात त्याच्या शिट्टीला कोण मानेल? यंदा एखाद्या दुसऱ्याला पंच करावं का, असा विचार चालू आहे. दुसरा कोण, हेही कळलं. भैय्याजी तयार होता.

रूपरावांचा हात आपोआप शिट्टीवर गेला. ती गेली तर उरत काय होतं? सरकी आणि ढेप. ते ताडकन उठले, भैय्याजीच्या हॉटेलात गेले आणि भरल्या गिऱ्हाइकांत म्हणाले की ही कुस्ती म्हणजे शुद्ध अन्याय आहे. त्या गड्याला दिवसातून पन्नास-पन्नास जणांशी लढवता, ना विसावा ना खुराक, मग तो पडेल नाही तर काय करेल? तीन दिवस त्याला आराम द्या, रीतीप्रमाणं खुराक द्या, मग उतरवा आखाड्यात. तेव्हा पडला तर ही शिट्टी तुझी.

भैय्याजीनं शब्द तिथल्या तिथं पकडला. कुस्ती रविवारी सकाळी ठरली, कारण त्या वारी दुपारी लाईट जायची. समोर कोण लढणार यावर थोडी चर्चा झाली. रूपरावांच्या ओळखीचा कोणी घेतला तर तो हात आखडता घेईल, अशी शंका निघाली. तेव्हा भैय्याजीनंच विमलाबाईंचं नाव सुचवलं. त्या डोरबाकशी एकदाही हरल्या नव्हत्या. शिवाय त्या रूपरावांना सूट देतील असं त्यांच्या घराशेजारी राहणारा कोणीच म्हणाला नसता.

मग तीन दिवस तो कॉम्प्युटर बंद राहिला. रूपरावांनी त्यावर स्वच्छ पंचा पांघरला. सकाळ-संध्याकाळ ते बदाम घातलेलं दूध पितळी पेल्यात आणून कीबोर्डपुढं ठेवत, उदबत्ती लावत आणि दार लोटून बाहेर उभे राहत, कारण पहिलवान खाताना त्याच्याकडं बघू नये. थोड्या वेळानं पेला रिकामा मिळे. डोरबाक दूध पितो याचा त्यांना अचंबा वाटला नाही, त्यानं ते वाया घालवलं नाही याचं कौतुक वाटलं. प्रफुल त्या तीन दिवसांत चांगला टवटवीत दिसू लागला होता.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र विमलाबाईंनी नवऱ्याला पंच्यापुढं पुटपुटताना पाहिलं. रूपराव सांगत होते की डावा हात उचलतोस तो उचलू नको, तिथंच घुसते ती. तिचा हात मला माहीत आहे. विमलाबाई आल्या पावली परत गेल्या. एरवी त्या बोलल्या असत्या.

रविवारी मागच्या खोलीत मुंगीला जागा उरली नाही. पंच म्हणून अण्णाजींना बसवलं. रूपरावांनी पडद्यावरचा पंचा काढला, नारळ फोडला, कॉम्प्युटरला हळदीचं बोट लावलं. मग गळ्यातली शिट्टी काढून कीबोर्डशेजारी ठेवली. मान एकदम हलकी झाली आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

डोरबाक कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, आज मी जिंकणार. रूपरावांनी मिशीवरून हात फिरवला.

सुरुवात बरी झाली. गर्दीनं विमलाबाईंचा हात जरा बुजला आणि डोरबाकचे दोन तडाखे त्यांना बसले. रूपराव खुर्चीवर चढून ओरडू लागले, पाय धर, पट काढ, खाली घाल. डोरबाकला पट काढता येत नव्हता, त्याच्याकडं नुसती गदा होती. मग विमलाबाईंनी पदर खोचला आणि सगळं नेहमीसारखं होऊ लागलं. डोरबाकच्या डोक्यावर एक लाल पट्टी असे, त्याची उरलेली ताकद दाखवणारी. ती सरसर आटली. शेवटी नखाएवढी लाली राहिली. डोरबाक एका गुडघ्यावर आला. भैय्याजीनं शिट्टीकडं हात लांबवला.

विमलाबाईंनी मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. रूपराव ओरडायचे थांबले होते. खुर्चीवर तसेच उभे होते, दोन्ही हात कमरेवर, कोणी न सांगता.

विमलाबाईंनी भैय्याजीच्या हाताखालून शिट्टी उचलली आणि फुंकली. त्या खोलीत ती अशी वाजली की बाहेर एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

"बरोबरीत सुटली," त्या म्हणाल्या.

एकच कल्ला उडाला. भैय्याजी म्हणाला, ही कुस्ती नाही, ही घरातली मिलीभगत आहे. लढणाऱ्यानंच शिट्टी फुंकायची हा कुठला न्याय? सगळे अण्णाजींकडं वळले. अण्णाजींनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि म्हणाले की गिरडचा कायदा त्यांनी केलेला नाही, पण तो असा आहे: शिट्टी वाजली की कुस्ती सुटली, मग ती कोणी का फुंकेना. पडला नाही म्हणजे पडला नाही. यंदाचे पंच रूपरावच.

हे चाललं असताना पडद्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. विमलाबाईंचा हात कीबोर्डवर नव्हता, त्यांचा प्रवासी नुसता उभा होता. डोरबाकला शिट्टीचं काय कळणार. तो गुडघ्यावरून उठला आणि आपलं काम करू लागला. एक गदा, दुसरी गदा, तिसरी. प्रवासी कोसळला. डोरबाक थांबला, इकडंतिकडं पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. मग तो बोलला, आणि हे नेहमीचं वाक्य नव्हतं. पडद्यावर नवीच अक्षरं उमटली होती.

खुर्चीवर उभ्या असलेल्या रूपरावांनी हे सगळं एकट्यानं पाहिलं. त्यांनी प्रफुलची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि काय म्हणतोय ते विचारलं. प्रफुलनं वाचलं, पुन्हा वाचलं. त्यानंही हे कधी पाहिलं नव्हतं.

"थो म्हनते, कोनी पायलं का?"

"मी पायलं," रूपराव पडद्याला म्हणाले. "बरं का बाबू, मी पायलं."

त्या दिवशी चारचा चहा वेळेवर आला. शिट्टी पुन्हा गळ्यात होती आणि रूपराव खुशीत होते. त्यांनी विमलाबाईंना समोर बसवून डोरबाकची जीत पहिल्यापासून सांगितली आणि मग ओघानं मोतीलालवर आले. डोरबाकसारखंच झालं होतं तेव्हा, अजून दोन मिनिटं मिळती तर. मग जरा थांबून त्यांनी विचारलं की तू शिट्टी का फुंकली.

विमलाबाईंनी बशी खाली ठेवली.

"बाबांनी काऊन फुंकली होती, माहीत हाय तुमाले?"

रूपराव म्हणाले, वेळ संपली होती म्हणून.

"वेळ नाई संपली. मोतीलाल तुमाले दाबून राह्यला होता. तुमची पाठ जमिनीपासून चार बोटं होती. बाबा बैलगाडीत उभे राहून कुस्ती पाहून राह्यले होते, मी त्याहिच्या मागं बसली होती. म्याच त्याहिचं धोतर ओढलं अन् म्हनलं, बाबा, फुका."

रूपरावांचा हात शिट्टीवर गेला आणि तिथंच राहिला. आतल्या आत त्यांनी ती कुस्ती एकदा उलगडून पाहिली. मोतीलालचं वजन आठवलं. मानेखालची माती आठवली, जी इतकी वर्षं त्यांनी आठवू दिली नव्हती. राग यायला हवा होता. तो कुठंच सापडेना. सापडली ती बैलगाडीतली एक पोरगी, जिचं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं.

"काऊन ओढलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी उतरतानी म्हनलं होतं ना आखाड्यात, मोठ्यानं. आज मी जिंकणार." विमलाबाई उठल्या, कप उचलले. "मले थ्या मिशा आवडल्या होत्या."

गिऱ्हाईक येऊन ढेपेचा भाव विचारत होतं, ते रूपरावांना ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी आत डोकावून हळूच विचारलं की तिला धोतर ओढताना आणखी कोणी पाहिलं होतं का.

"बाबा गेले," आतून आवाज आला. "आता फक्त मी."