अ‍ॅम्प्लिफायरचे झबले

हवा कोरडी पडू लागली की घरातल्या धाकट्या मुलाला अ‍ॅम्प्लिफायरची धास्ती वाटे. दृष्टी गेल्यापासून त्याचे बाबा संध्याकाळच्या तासाभराच्या गाण्यांवर तग धरून होते. ती गाणी ज्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येत, तो मागच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी बोटातून उडालेल्या ठिणगीने मुका झाला होता. दुरुस्ती करणाऱ्याने कसाबसा तो बोलता केला आणि बजावले, "हा माझ्याकडचा शेवटचा सुटा भाग. पुन्हा ठिणगी बसली, तर नुसतं खोकं उरेल."

तेव्हापासून घरात नेम झाला: आधी स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावून कोरड्या हवेत अंगात साठलेली वीज उतरवायची, मगच बटणाला शिवायचे. धाकट्याने नायलॉनचा गालिचा गुंडाळून सुती सतरंजी अंथरली. हवेत ओल राहावी म्हणून पाण्याचे पातेले ठेवले. बाबा म्हणत, "एवढी बडदास्त जावयाचीही कुणी ठेवत नाही."

एकच गोष्ट धाकट्याच्या ओठांवर येऊन परत जाई. दुखऱ्या बोटांनी आईने अ‍ॅम्प्लिफायरला धूळ लागू नये म्हणून कृत्रिम लोकरीचे झबले विणले होते. रोज ती नळाला हात लावून येई, झबले ओढून काढी, लोकर तडतडे, आणि तिचे बोट थेट बटणाकडे जाई. नळाचा सारा नेम तिथेच पाण्यात जात होता.

त्या संध्याकाळी झबले निघताना तिच्या मनगटावरची लव उभी राहिलेली त्याला दिसली.

"आई, थांब. बटणाला हात लावू नकोस."

"आता काय झालं?"

त्याने आपले बोट तिच्या बोटापाशी नेले. चट्कन ठिणगी उडाली, दोघेही दचकले.

"या लोकरीनं होतं हे," तो मान खाली घालून म्हणाला. "झबलं नकोच घालायला."

आई हातातल्या विणीकडे पाहत राहिली. "इतके दिवस हे सांगायला जीभ झडली होती तुझी?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय, बरं वाटतंय मला?"

"भांडा नंतर," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आधी लावा."

झबले बाजूला ठेवून दोघे पुन्हा नळापाशी जाऊन आले. धाकट्याने बटण दाबले. काही क्षण नुसती शांतता. मग गाणे हळूहळू खोलीभर पसरले आणि बाबांची बोटे खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली.

"सुती दोऱ्याचं चालेल का याला?" आईने हलकेच विचारले.

'चालेल' म्हणून मोकळे होणे सोपे होते.

"माहीत नाही," तो म्हणाला. "उद्या दुरुस्तीवाल्याला विचारून येतो."