जावेच्या चुलीची ऊब

समुद्रापार कुठंशी लढाई लागली आणि आमच्या भातकुलीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माझी धाकटी जाऊ तुळसा हिनं तर अमरावतीहून बाभळीच्या सरपणाची गाडीच आणवली. आमच्या शेतात त्या साली नेमकी ज्वारी. म्हणून भाकरी झाली की मी चूल विझवायची आणि निखारे राखेत पुरून ठेवायची.

अशा पौषाच्या थंडीत माझी लेक साळू संक्रांतीला माहेरी आली, ती दिवसभर तुळसाच्याच चुलीपाशी. भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू यायचं. लेक माझी, अन् ऊब तिची!

संध्याकाळी साळू पदराखाली काहीतरी झाकून आली. भाजलेली वांगी होती.

"काकूच्या राखेत भाजली, माय. उद्या डाळ बी तिकडेच शिजवून आणतो. तुयं सरपण वाचते न."

"म्हणून बसतं का तिथं दिवसभर?"

"मंग? काकूले बोलाले कोणी तरी पायजे, अन् आपल्याले जाळ."

पोर हिशेबी निघाली, माझ्यावरच गेली होती. तरी माझा जीव काही निवेना. मी राख उकरली, निखारा फुंकला आणि उद्यासाठी राखलेल्या तुराट्या सगळ्याच्या सगळ्या चुलीत सारल्या.

"माय, कायले जाळून राहिली?"

"थंडी वाजून राहिली मले. बस इथं."

थंडी कुठली, कपाळाला घाम फुटला होता माझ्या. पण साळू बसली.