पाण्यात उतरायची अट

आमच्या भागातला पोहण्याचा तलाव पालिकेचा. सकाळी मुलं, संध्याकाळी पुरुष आणि दुपारी कुलूप. आम्ही बायका तिथं रोज असतोच, पण काठावर. नातवंडांचे टॉवेल आणि चपला सांभाळत. एक दिवस माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दुपारचं एवढं पाणी काय नुसतं ऊन खायला ठेवलंय?

झालं! घरी येऊन सूनबाईला कामाला लावलं. तिनं लग्नाआधी पोहण्याच्या स्पर्धा गाजवलेल्या, शिकवायचं रीतसर प्रशिक्षणही घेतलेलं. प्रस्ताव सरळ होता. पालिकेनं दुपारी तलाव आणि जीवरक्षक द्यायचा, शिकवणार सूनबाई, आणि कपडे बदलायच्या खोल्यांची झाडलोट आम्हा बायकांची. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू आणि पोहणं! बादलीत हात घालतानासुद्धा आधी बोट बुडवून बघतेस."

"मी कुठं पोहणारे? मी व्यवस्था बघणार," मी ठसक्यात सांगितलं.

खरं तर पोहायची हौस मला लहानपणापासून. भीतीही तेवढीच. पण हे यांना कशाला सांगू? आयतं कोलीत द्यायचं हातात!

सूनबाईला घेऊन पालिकेत गेले. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. टेबलावर फायलींची ही चळत, पण बाईंनी ऐकून घेतलं नीट. मग काय, मीही सुटले. बायकांचे गुडघे, कंबर, दुपारचा एकटेपणा, सगळं काढलं. शेवटी म्हटलं, "सरकार आणि आम्ही, खांद्याला खांदा लावून!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या तुकडीत तुम्ही आहात ना?"

"मी... व्यवस्था बघणार."

"काकू, मागे अशीच एक योजना मी मंजूर केली. पुढाकार घेणारे स्वतः फिरकलेच नाहीत. त्यांचं बघून बाकीचे गळाले आणि बोलणी मी खाल्ली. तुम्हीच पाण्यात उतरणार नसाल, तर सरकारनं का उतरायचं?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. सूनबाई मान खाली घालून हसत होती, शहाणी कुठली!

"उतरेन की, त्यात काय!" मी म्हटलं. या जिभेनं आजवर कमी घात केलेत का माझे?

"मग पहिल्या दिवशी मी बघायला येते. तुम्ही उतरलात तर पुढे चालू. नाहीतर पुन्हा कुलूप."

पहिल्या दुपारी बायकांची ही गर्दी! शिवणकाम करणारी शेजारीण, तिची नणंद, निवृत्त नर्सबाई, सगळ्या उथळ पाण्यात उतरून शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत होत्या. मॅडम काठावर खुर्ची टाकून बसलेल्या. आणि मी पायरीवर, दांडा घट्ट धरून. वाटलं, चक्कर आल्याचं नाटक करावं आणि सुटावं. पण मग या खिदळणाऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते, की चला गं, निघा बाहेर?

"आई, खाली बघू नका. माझ्याकडे बघा," सूनबाई पाण्यातून म्हणाली. एरवी घरात हुकूम माझे चालतात. त्या दिवशी मी मुकाट्यानं ऐकलं. जीव मुठीत धरून उतरले. पाणी कमरेला आलं, मग छातीला. तिनं माझ्या पाठीखाली हात घातला.

"आता पाय सोडा."

"सोडा म्हणे! बुडाले तर?"

"इथं पाणी तुमच्या खांद्यालासुद्धा लागत नाही, आई. सोडा."

सोडले. कान पाण्यात गेले आणि सगळा गलका थांबला. वर नुसतं आकाश. हे जड अंग जन्मभर मीच ओढत आले होते, ते आता दुसरं कुणीतरी अलगद झेलत होतं. मला रडू फुटलं. पाण्यात कुणाला कळतंय, म्हणून मनसोक्त रडून घेतलं.

उभी राहिले तेव्हा काठावरची खुर्ची रिकामी होती.

"मॅडम गेल्या. चालू ठेवा म्हणाल्या," सूनबाई म्हणाली. "सुटलात, आई! या आता बाहेर."

"थांब गं जरा," मी म्हटलं. "मला परत पाय सोडायचेत."